पाणी कुठं थांबतं?

अंगणात नेऊन ठेवलेली जुनी खुर्ची दोन पावसाळ्यांत खिळखिळी झाली, की घरातली माणसं म्हणतात, उन्हापावसानं खाल्ली. या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. घरातलं सामान घरातच बरं, बाहेर काढायचंच तर थेट भंगारवाल्याच्या गाड्यावर, असा तो निष्कर्ष. पण त्याच घराचं पुढचं दार, त्याची चौकट, ओसरीचे खांब यांनीही तेच ऊन आणि तोच पाऊस साठ-सत्तर वर्षं अंगावर घेतलेला असतो. लाकूड पुष्कळदा एकाच जातीचं असतं. मग दार टिकतं आणि खुर्ची का सडते? दारावर पडलेलं पाणी खाली निथळून जातं. खुर्चीच्या बैठकीवर, पायांच्या बुडाशी आणि सांध्यांच्या खाचांत ते थांबून राहतं. घरातली टाकाऊ वस्तू अंगणात कामाची करायची असेल, तर तिला सजवण्याआधी एकच प्रश्न विचारावा लागतो: हिच्यावर पाणी कुठं थांबतं? रंग, तेल, गाद्या, कुंड्या हे सगळं त्यानंतरचं. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे, आणि परभणी जिल्ह्याच्या हवेत त्याचा पुरावा अगदी उघडपणे हाती लागतो.

परभणीत वर्षाकाठी साधारण आठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कोकणाच्या मानानं हा पाऊस काहीच नाही. तरीही लाकडाला इथली हवा कठीण जाते, कारण इथं टोकं दोन आहेत. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या घरात येते. ऑगस्टमधल्या सकाळी तीच आर्द्रता ऐंशीच्या वर असते. लाकूड तोडून कितीही वर्षं झाली तरी ते हवेतली ओल घेणं आणि सोडणं थांबवत नाही. उन्हाळ्यात त्याच्या वजनातला पाण्याचा वाटा पाच-सहा टक्क्यांवर उतरतो, पावसाळ्यात तो पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढतो. या चढउतारात लाकूड रुंदीकडून फुगतं आणि आकसतं. लांबीकडून जवळजवळ नाहीच. सागवान हे सगळ्यांत कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक, तरी तीस सेंटीमीटर रुंदीच्या सागवानी फळीत चैत्र-वैशाख ते श्रावण एवढ्या काळात चार-पाच मिलिमीटरचा फरक पडू शकतो. इतर अनेक जातींत तो याहून जास्त असतो. श्रावणात कपाटाचा खण अडकतो आणि उन्हाळ्यात तोच सैल होऊन खडखडतो, तो याच कारणानं. फळी दोन्ही कडांना घट्ट खिळे मारून जखडलेली असेल तर तिला सरकायला जागाच उरत नाही. मग ती एक तर मधून तडकते किंवा खिळा उचकटते.

इथं कुणी विचारील की मग दोष हवेचाच झाला, पाण्याच्या थांबण्याचा कसा? याचं उत्तर वरच्या आकड्यांतच आहे. फुगण्या-आकसण्यानं लाकूड तडकतं, सांधे ढिले होतात, पण सडत नाही. लाकूड सडवणारी बुरशी त्यात वीस टक्क्यांहून कमी ओल असेल तर तग धरत नाही. तिला खरं बळ येतं ते ओल अठ्ठावीस-तीस टक्क्यांच्या पुढे गेल्यावर. परभणीची भर पावसाळ्यातली दमट हवासुद्धा लाकडाला एकटीनं तिथवर नेऊ शकत नाही. ते काम फक्त साचलेलं पाणी करतं, आणि ते लाकडात शिरतं मुख्यतः त्याच्या कापलेल्या टोकांतून. लाकडाची रचना कडब्याच्या पेंढीसारखी आहे: सगळ्या नळ्या एका दिशेनं लावलेल्या. बाजूनं पाणी ओतलं तर ते ओघळतं. टोक पाण्यात बुडवलं तर नळ्या ते ओढून घेतात, बाजूच्या दहापट किंवा त्याहूनही वेगानं. खुर्चीचा पाय म्हणजे अशा नळ्यांची उघडी टोकं जमिनीवर टेकवून ठेवणं. फरशीवर पावसाचं बोटभर पाणी तासभर जरी राहिलं, तरी पाय ते पिऊन घेतो, आणि वर कितीही सुंदर पॉलिश असलं तरी ते पाणी आतच अडकून राहतं.

या हिशेबानं पाहिलं तर मराठवाड्यातली बाज ही उघड्यावरच्या वस्तूचा उत्तम नमुना ठरते. चार पाय, त्यांच्या भोकांत बसवलेल्या चार पट्ट्या, आणि वर सुंभाची वीण. बहुतेक जुन्या बाजांत खिळा नाही, गोंद नाही. पट्ट्या गोलसर, त्यामुळे त्यांच्यावर पाणी ठरत नाही. विणीतून पाणी खाली गळतं आणि वारा वर येतो, म्हणून भिजलेली बाज एका उन्हात वाळते. उन्हाळ्यात लाकूड आकसून सांधे सैल झाले, तर वीणच पट्ट्यांना आत ओढून धरते. वीण सैल झाली की पायथ्याकडची ताणाची दोरी आवळायची, एवढीच दुरुस्ती. सुंभ कुजला तर नवा विणायचा, माचवा तोच राहतो. आणि शेवटची गोष्ट, जी बाहेरचं फर्निचर विकणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येते: बाज एका माणसाला उचलता येते. आभाळ भरून आलं की ती भिंतीला उभी करता येते. तिचं दुबळं अंग एकच, पायांची टोकं. बुडाकडून पाय कुजले असतील तर चारही पाय सारखे चार-चार बोटं कापून टाकावेत. उंची कमी होते, पण अंगणात बसायला ठेंगणी बाज सोयीचीच पडते. आज लोखंडी पलंग आले आणि बाजा गोठ्यात किंवा माळ्यावर गेल्या. ज्या घरात एखादी अजून पडून आहे, त्यांनी अंगणासाठी दुसरं काही शोधू नये. तिच्यावर प्लॅस्टिकची पट्टी मात्र विणू नये: कडक उन्हात ती काही वर्षांत ठिसूळ होऊन तुटते आणि तिचे तुकडे मातीत मिसळतात. सुती नवार पाणी धरून ठेवते, म्हणून ती ओसरीत चालेल, उघड्यावर नाही.

बाजेच्या पाठोपाठ विचार करावा तो दाराचा, कारण जिल्ह्यातून निघणारं सगळ्यांत मोलाचं जुनं लाकूड दारं, चौकटी आणि माळवदांतून येतं. मानवत, सेलू, पाथरी, गंगाखेड आणि परभणी शहराचा जुना भाग इथली माळवदाची घरं म्हणजे जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर आडव्या तुळया, वर किलच्या आणि सगळ्यांत वर मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीची अशी जड घरं कोसळून लातूर-उस्मानाबादकडे जी मनुष्यहानी झाली, तिची धास्ती साऱ्या मराठवाड्यानं घेतली. आधीच सिमेंटच्या स्लॅबकडे वळू लागलेल्या लोकांना माळवद उतरवायला आणखी एक कारण मिळालं. माळवद उतरलं की लाकूड निघतं. हे लाकूड जिल्ह्यात पुन्हा तयार होणारं नाही. परभणी हा काळ्या जमिनीचा, गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यांचा जिल्हा. जंगल इथं नाममात्र, त्यातलं बरंचसं जिंतूरकडच्या डोंगराळ पट्ट्यात. सागवानाची मोठी जंगलं जवळात जवळ म्हणजे किनवट-माहूरची आणि त्यापलीकडे आदिलाबादची. जुन्या झाडांच्या गाभ्याचं सागवान आणि आज वीस-पंचवीस वर्षांत तोडल्या जाणाऱ्या लागवडीतलं सागवान यांत मोठा फरक आहे. गाभ्याच्या लाकडात तेलकटपणा असतो आणि टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, जे वाळवीला मानवत नाही. सालीलगतच्या पांढुरक्या लाकडात हे संरक्षण नसतं, आणि कोवळ्या झाडात पांढुरक्या लाकडाचाच वाटा मोठा. तेव्हा माळवदातून निघालेली फळी किलोच्या भावानं देऊन टाकणं म्हणजे पुन्हा विकत न मिळणारी वस्तू देऊन टाकणं आहे.

अशा दाराचं टेबल करण्याची हौस अलीकडे पुष्कळांना आहे, आणि तिथंच पाण्याचा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. उभ्या दारावरून पाणी वाहून जात होतं. तेच दार आडवं केलं की ते पाण्याची परात बनतं. फळ्यांमधल्या खाचा, कड्या-कोयंड्याच्या जागा, जुन्या खिळ्यांची भोकं, सगळीकडे पाणी बसतं. लोक अशा वेळी वरून जाड काच टाकतात किंवा राळ ओतून फटी बुजवतात. काचेखाली शिरलेली ओल वर येऊ शकत नाही, आणि फटी बुजवल्यावर फुगणाऱ्या फळ्यांना जागा राहत नाही. करायला हवं ते याच्या नेमकं उलटं. दाराच्या फळ्या मागच्या आडव्या पट्ट्यांपासून सुट्या कराव्यात, चार-पाच मिलिमीटरची फट ठेवून पुन्हा बसवाव्यात, आणि प्रत्येक फळीला प्रत्येक पट्टीवर मधोमध एकच स्क्रू द्यावा, म्हणजे ती दोन्ही बाजूंना मोकळेपणी हलेल. दारात जी फट खोट मानली गेली असती, ती टेबलात पाण्याची वाट होते. मग सबंध पृष्ठाला किंचित उतार द्यावा: पाऊण मीटर रुंदीला दीड सेंटीमीटर पुरतो, आणि एवढ्या उतारावर चहाचा कप घसरत नाही. काम झालं की तांब्याभर पाणी ओतून पंधरा मिनिटांनी पाहावं. जिथं पाणी अजून दिसेल तिथं पटाशीनं खाच काढावी किंवा बारीक भोक पाडावं. स्क्रू पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. साधा लोखंडी खिळा ओल्या लाकडात गंजतो, आणि बाभळीसारख्या टॅनिननं भरलेल्या लाकडात तर त्याच्याभोवती काळा डाग धरून लाकूडच कमकुवत होतं.

पायांचा प्रश्न काळ्या मातीमुळे आणखी बिकट होतो. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. सरळ तिच्यावर ठेवलेलं कोणतंही बाक वर्षभर सपाट राहत नाही. डुगडुगणाऱ्या बाकाचे सांधे आधी जातात, मग पाय. शिवाय मातीला टेकलेलं लाकूड म्हणजे वाळवीला वर चढायला केलेली शिडी, कारण आपल्याकडची घातक वाळवी जमिनीतून येते आणि तिला मातीशी संबंध राखावाच लागतो. म्हणून पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा किंवा घडीव दगड, आणि त्या दगडावरही पाय थेट न टेकवता मध्ये जाड रबराची किंवा पितळेची चकती. जुन्या ट्यूबचे तुकडे चालतात. पायाचं उघडं टोक आधी मेण किंवा दाट वार्निश दोन-तीनदा पाजून बंद करावं. घरातल्या एखाद्या खुर्चीला आयुष्यात कधी असं केलेलं नसतं, कारण घरात त्याची गरजच नव्हती. तीच खुर्ची बाहेर नेताना हे अर्ध्या तासाचं काम टाळलं, तर वरची सगळी मेहनत फुकट जाते.

आता रंगाचा मुद्दा. चांगला रंग लावला तर पाण्याची चिंता कशाला, हा आक्षेप दुकानात रोज ऐकायला मिळतो आणि तो खोडून काढणं अवघड नाही. पारदर्शक वार्निशमधून सूर्यप्रकाश आरपार जातो आणि त्यातली अतिनील किरणं लाकडाच्या पृष्ठभागावरचं लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, तोडतात. खालचा थरच सुटल्यावर वार्निश पापुद्र्यासारखं निघतं. परभणीच्या उन्हात घरात लावायचं वार्निश बाहेर दोन उन्हाळेसुद्धा काढत नाही. जाड रंग अधिक टिकतो, पण हलणाऱ्या लाकडावर त्याला केसभर चीर पडतेच, आणि चिरेतून आत गेलेलं पाणी तोच रंग बाहेर पडू देत नाही. त्यापेक्षा जवसाचं उकळलेलं तेल बरं. ते थर धरत नाही, लाकडात मुरतं, आणि दरवर्षी मृगाच्या आधी पुन्हा लावायला रंधा-पॉलिश पेपर काही लागत नाही. दोन सावधगिऱ्या मात्र पाळायला हव्यात. तेल जास्त झालं आणि पुसलं नाही तर त्यावर काळी बुरशी येते. आणि तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उन्हाळ्यात हा धोका खरा आहे. चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. गाडीचं जळकं काळं ऑइल वाळवीवर उपाय म्हणून सर्रास फासलं जातं. गोठ्याच्या खांबाला ते लावणाऱ्यांचा तर्क कळतो, पण बसण्याच्या वस्तूला ते लावू नये. त्यातली विषारी द्रव्यं कातडीला आणि मातीला लागतात.

जुना रंग खरवडण्याच्या बाबतीत अधिक गंभीरपणे बोललं पाहिजे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. याचा अर्थ त्याआधीच्या हिरव्या, पिवळ्या, शेंदरी एनॅमल रंगांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. अशी खिडकी किंवा पाळणा कोरड्या पॉलिश पेपरनं घासला की शिशाची धूळ उडते आणि अंगणातल्या मातीत बसते, जिथं लहान मुलं खेळतात. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम अगदी थोड्या मात्रेतही होतो. म्हणून असा रंग नेहमी ओला करून घासावा, खाली प्लॅस्टिक अंथरावं, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि मुलांना दूर ठेवावं. ते जमणार नसेल तर ती वस्तू तशीच राहू द्यावी.

सगळंच टाकाऊ फर्निचर अंगणात आणता येतं असं म्हणणं फसवणुकीचं ठरेल. गेल्या पंचवीस वर्षांत घरांत आलेलं बरंचसं सामान लाकडाचं नाहीच. ते भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं आहे, वर सनमायका किंवा कागदी आवरण. या पाट्यांचा भुसा धरून ठेवणारा गोंद बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो आणि तो पाण्यापुढे टिकत नाही. अशा टीव्हीच्या स्टँडवर एक जोरदार सर आली की कडा फुगतात, स्क्रूची भोकं मोठी होतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. प्लायवूडचं तसं सरसकट नाही: आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय पाणी झेलतो, साधा व्यावसायिक प्लाय नाही. लग्नात आलेल्या दिवाणाचा वरचा भाग टाकून त्याचा सांगाडा तेवढा सागवानी निघाला, तर तो मात्र सोन्यासारखा. यंत्रसामग्रीबरोबर येणाऱ्या लाकडी पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का असेल तर ते उष्णतेनं निर्जंतुक केलेलं असतं आणि वापरायला हरकत नाही. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, ते घेऊ नये. पूर्णा हे रेल्वेचं गाव, आणि मीटरगेजची ब्रॉडगेज होताना जुन्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरना सगळीकडेच गिऱ्हाईक मिळालं. ते दणकट असतात, पण त्यांत मुरवलेलं क्रिओसोट हे कर्करोगाशी जोडलं गेलेलं द्रव्य आहे. उन्हात तापल्यावर त्यांना वास येतो तो त्याचाच. बाक म्हणून त्यांचा वापर करू नये. लोखंडी कपाटाबद्दल थोडक्यात: आडवं टाकून, तळाला भोकं पाडून त्यात भाजी लावता येते, पण सावलीत. मे महिन्याच्या उन्हात पत्रा हात लावू देत नाही, तिथं मुळांची काय गत होणार?

या सगळ्यावर सर्वांत व्यवहारी आक्षेप पैशाचा आहे. प्लॅस्टिकची खुर्ची स्वस्त मिळते. सुताराची दिवसाची मजुरी आणि पितळी स्क्रू धरले तर जुनं टेबल महाग पडतं. पहिल्या वर्षाचा हिशेब असाच येतो. पण प्लॅस्टिकची खुर्ची उन्हात पांढरी पडते, पाय अचानक तुटतो, आणि तिची दुरुस्ती होत नाही. सांध्यांचं लाकूड उकलता येतं, पाय बदलता येतो, खुंटी नवी ठोकता येते. खरा अडथळा पैशापेक्षा माणसाचा आहे. तिफण, वखर आणि बैलगाडी गावातच घडवणारा सुतार ट्रॅक्टर आल्यावर बेकार झाला किंवा फर्निचरच्या दुकानात पाट्या कापू लागला. कुसू-खाचेचा सांधा उकलून पुन्हा बसवणारे हात अजून आहेत, पण त्यांच्याकडे कामच येत नाही, म्हणून मुलं ते शिकत नाहीत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्याच तारखेला, सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचं साहाय्य आणि पाच टक्के व्याजानं दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. अवजारं आली तरी गिऱ्हाईक आपल्यालाच व्हावं लागेल. एका बाकाची दुरुस्ती गावच्या सुताराला देणं हा त्या कारागिरीला दिलेला पाठिंबा आहे, आणि मला तो लाकूड वाचवण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

अंगणात जुनं सामान म्हणजे विंचू-सापाला घर, ही भीती मराठवाड्यात तरी कुणी हसण्यावारी नेऊ नये. ती ढिगाऱ्याबद्दल पूर्णपणे खरी आहे. ‘कधीतरी करू’ म्हणून भिंतीलगत रचून ठेवलेल्या फळ्या, उपडं टाकलेलं कपाट, चौकटींची थप्पी हीच विंचवाची आवडती जागा. पण वापरात असलेलं बाक वेगळं. त्याच्याखाली झाडू फिरला पाहिजे आणि प्रकाश गेला पाहिजे, म्हणजे निदान वीतभर मोकळी जागा हवी, आणि भिंतीपासूनही तेवढंच अंतर हवं. डासांचं उत्तर तर पुन्हा पाण्याच्या प्रश्नातच आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला वाटीभर साचलेलं पाणी पुरतं आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. कुंड्या ठेवायला केलेला ड्रॉवर, बैलगाडीच्या जुन्या चाकाच्या तुंब्यातलं भोक, लोखंडी नळीचं उघडं तोंड, यांपैकी एकही पाणी धरत नसेल तर डासांची तक्रार करायला जागा उरत नाही.

राहिले दोन आक्षेप, आणि दोन्ही मनाला लागणारे आहेत. पहिला असा की खेड्यात निघालेलं जुनं लाकूड चुलीत जातं, आणि ज्या घरात सरपणाची चणचण आहे तिथं बाक बनवण्याचा उपदेश शोभत नाही. हे मान्यच करायला हवं. कुजलेलं, वाळवीनं पोखरलेलं साधं लाकूड चुलीत गेलं तर त्यात गैर काही नाही. पण रंगवलेलं लाकूड, भुशाच्या पाट्या आणि प्लाय चुलीत जाळू नयेत. त्यांचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो आणि शिसं राखेत उरतं, जी राख भांड्यांना आणि परसातल्या वाफ्यांना लागते. टाकाऊतून काय बाहेर काढायचं हे ठरवताना ही निवड अंगणाच्या सजावटीपेक्षा आधी यायला हवी. दुसरा आक्षेप कोरीव कामाचा. नक्षीची चौकट, कमळं कोरलेला खांब, पितळी फुल्या ठोकलेलं दार कापून त्याचं टेबल करायचं का? नाही. कारण तांब्याभर पाण्याच्या कसोटीला नक्षी सगळ्यांत आधी नापास होते: प्रत्येक पाकळीत पाणी थांबतं, आणि आडवं ठेवलेलं कोरीव काम पाच-सात पावसाळ्यांत बोथट होतं. शहरातले व्यापारी असल्या दारांसाठी गावोगाव फिरतात, तेव्हा ती विकण्याआधी घरातल्या माणसांनी एकदा थांबून विचार करावा. अशा दाराला अंगणातही जागा आहे, पण दार म्हणूनच: परसाच्या भिंतीत, उभं, वर हातभर पुढे आलेला पत्रा, आणि उंबऱ्याखाली मातीपासून वीतभर उंच घडीव दगड.